भैयासाहेबांच्या वजनाची चौकशी

दत्ताजी : सबब, सदरहू सोयरीक मोडली असे समजावे.

अक्का : अगं बाई! मोडली?

दत्ताजी : छे हो, अक्कासाहेब. कुठं मोडली? मी काही वाचलंच नाही. चुकून खालचा कागद वर आला. हा शेवटी वाचायचाय.

भैयासाहेब : काका, चौकशी व्हायचीय आणि निकाल लिहून तयार?

दत्ताजी : आमच्या रघुजीरावांचं अक्षर फार सुरेख आहे. सुरेख अक्षराला वेळ लागतो. म्हणून ते निकाल आधी लिहून ठेवतात आणि चौकशीला माणूस मागून पाठवतात. आमच्या धार गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

अक्का : म्हणजे मुलीच्या बापानं नकार लिहूनच तुम्हाला देवासला धाडलं?

दत्ताजी : कसला नकार? मला तर काही आठवत नाही. हा पाहा, कागद ओट्यावर पालथा घातला, वर पानाचा डबा ठेवला. कागद नाहीच. आता चौकशी सुरू. विषय : भैयासाहेब, वय बावीस, यांचा देह इतका का झाला आणि त्यास जबाबदार कोण.

भैयासाहेब : आज सुरू? तुम्हाला येऊन चार दिवस झाले की.

दत्ताजी : पहिले तीन दिवस जेवण्यात गेले. ते पुराव्यात धरायचे. आपला उद्योग?

भैयासाहेब : शाळेत कवायत शिकवतो.

दत्ताजी : आपण?

भैयासाहेब : बसून. मी "एक" म्हणतो, मुलं वाकतात. "दोन" म्हणतो, उठतात. अख्ख्या देवासात माझ्या वर्गाइतकी काटक मुलं सापडणार नाहीत.

दत्ताजी : स्वतः कधी वाकून दाखवलंत?

भैयासाहेब : एकदा. तपासणीला साहेब आले होते. "एक" नीट झालं. "दोन"ला चार माणसं बोलवावी लागली.

दत्ताजी : चार... माणसं. लिहिलं. जरा असे पुढं सरका, भैयासाहेब, उजेडात.

भैयासाहेब : पुढं नाही सरकता येणार. ही मोरी दिसते ना? मोरीच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. गाव एक, राज्यं दोन. ओट्याच्या कडेला बसलो की मी थोरल्या पातीत असतो आणि पोट धाकट्या पातीत.

दत्ताजी : अरे देवा. मग पोटाची चौकशी करायला मला धाकट्या पातीची परवानगी काढावी लागेल.

भैयासाहेब : पाठ थोरलीतच आहे. तिकडून सुरू करा.

अक्का : दत्ताजीराव, लिहिता लिहिता हा लाडू घ्या. बाफल्याचाच आहे, उकडलेल्या बाटीचा, हलका. चुरून तुपात वळलाय नुसता.

दत्ताजी : नको, नको, आत्ता तर... बरं, ठेवा. तर अक्कासाहेब, पहिला संशय आपल्यावर आहे.

अक्का : माझ्यावर? मी काय खायला घालते त्याला? दोन वेळचं जेवण. बस्स.

दत्ताजी : सकाळी?

अक्का : सकाळचं काय धरता? वाटीभर शिरा.

दत्ताजी : दुपारी झोपून उठल्यावर?

अक्का : ते तोंड धुवायला असतं.

भैयासाहेब : अक्का, शाळेतला डबा.

अक्का : डबा शाळेत जातो. घरातलं विचारतायत ते.

दत्ताजी : आणि मघाशी समोरून परात आली ती?

भैयासाहेब : फत्तेसिंगांची जिलेबी. धाकट्या पातीची. रोज सकाळी येते. मोरीच्या पलीकडे उभे राहतात आणि म्हणतात, "भिया, गरम है." एवढंच. मी खाईपर्यंत जात नाहीत. परात मात्र आपल्या हातातच ठेवतात, तिनं हद्द ओलांडू नये म्हणून.

दत्ताजी : रोज? कशासाठी?

भैयासाहेब : सगळेच देतात, काका. सोमवारी जोशीकाकूंकडून पुरण. मंगळवारी कोपऱ्यावरच्या हलवायाकडून मावा-बाटी. बुधवारी मी शाळेतून दुसऱ्या गल्लीनं येतो, तर त्या गल्लीनंही ठरवून घेतलंय. कोण कुठल्या दिवशी, यावरून मागे भांडण झालं होतं. गुरुवार कुणालाच मिळेना.

दत्ताजी : पण गावाला तुमच्या पोटाची एवढी काळजी का?

भैयासाहेब : गुळासाठी.

दत्ताजी : कुठल्या गुळासाठी?

भैयासाहेब : अक्का, तू सांग. तुझा नवस.

अक्का : काही नाही हो. लहानपणी हा फार आजारी पडला. मी टेकडीवर देवीला बोलले की, आई, हा जगला तर दर नवरात्रात अष्टमीला याची गुळानं तुला करीन. एका पारड्यात हा, दुसऱ्यात गूळ. तो गूळ गल्लीत वाटीन. लग्न होईपर्यंत.

दत्ताजी : दर वर्षी?

अक्का : दर वर्षी. परवा अकरावी तुला.

दत्ताजी : थांबा. लिहू द्या. जितकं वजन भैयासाहेबांचं, तितका गूळ गल्लीला.

भैयासाहेब : हां. लोकं शेरडं पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्या गल्लीनं मला पाळलंय. फरक इतकाच की मला कापत नाहीत, नुसतं तोलतात.

अक्का : काहीतरीच बोलतो!

भैयासाहेब : पहिली चार वर्षं देवळातला काटा पुरला. पाचव्या वर्षी त्याची साखळी तुटली. तेव्हापासून लाकडाच्या वखारीत तोलतात. गेल्या साली वखारवाल्यानं मला तोललं आणि सवयीनं विचारलं, फोडून देऊ की तसंच?

दत्ताजी : गेल्या सालचं वजन?

भैयासाहेब : तीन मण नऊ शेर. त्याच्या आदल्या साली तीन मण चौदा.

दत्ताजी : म्हणजे पाच शेर कमी झालात! हे तर तुमच्या बाजूचं आहे. कसे काय?

भैयासाहेब : चोरून. रोज पहाटे टेकडीच्या अर्ध्यापर्यंत चढायचो. मांडवगडाहून खुरासानी चिंच मागवली होती, तिचं पाणी प्यायचो. इतकं आंबट की डोळ्यांत आधी पाणी यायचं आणि मग तोंडात. जिलेबी तोंडात धरून ठेवायचो, फत्तेसिंग वळले की मोरीत.

अक्का : मोरीत? तरी म्हटलं, मोरीवर इतक्या मुंग्या कशा!

दत्ताजी : मग काय झालं?

भैयासाहेब : अष्टमीला काट्यावर बसलो. पाच शेर गूळ उरला. वखारीत एक म्हातारी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी वैद्य आले, तिसऱ्या दिवशी गुरुजी ग्रहशांत करायला आले, चौथ्या दिवसापासून जिलेबी दुप्पट झाली. शाळेतल्या पोरांनी मी खुर्चीवरून उठू नये म्हणून पाळी लावली.

दत्ताजी : म्हणजे गल्लीनं कट केला. जबाबदार : गल्ली. संपलं. छान. अक्कासाहेब, तो लाडू उगाच राहिलाय, घेऊन टाकतो.

भैयासाहेब : घ्या. काका, एक विचारू? तुम्ही आलात त्या दिवशी अंगरख्याचे बंद दोन फेऱ्या बांधत होता.

दत्ताजी : मग?

भैयासाहेब : आज एकही नाही. दोन्ही टोकं नुसती एकमेकांकडे बघतायत.

दत्ताजी : देवासच्या हवेनं कापड आटतं.

भैयासाहेब : आश्विनात?

दत्ताजी : कापडाला महिना कळत नाही.

अक्का : चार दिवसांत जरा तजेला आलाय, दत्ताजीराव. आलात तेव्हा कसे दिसत होतात! धारेत तुम्हाला कुणी विचारत नाही का हो?

दत्ताजी : विचारतात, पण एकदाच. आमच्याकडे "वाढू का" म्हणतात. "नको" म्हटलं की पुढे जातात.

अक्का : पुढे जातात? एकदाच विचारून? काय माणसं आहेत!

दत्ताजी : भैयासाहेब, खरं सांगू? रघुजीरावांचा आक्षेप घोडीसाठी आहे. त्यांच्या घराण्यात नवरदेव त्यांच्याच घोडीवरून मांडवात येतो. घोडी आता अठरा वर्षांची झाली. ते म्हणाले, दत्ताजी, मुलगा चांगला आहे, पण घोडी घरची आहे.

भैयासाहेब : मी चालत येईन.

दत्ताजी : हे मी सुचवलं. ते म्हणाले, मग घोडी कशी येईल?

भैयासाहेब : शेजारून.

दत्ताजी : तेही सुचवलं. घोडी पुढे आणि नवरदेव मागून चालत आला तर लोक तिलाच ओवाळतील, म्हणाले. पण एक गोष्ट राहिली आहे. विनोदिनीताईंनी मला निघताना वेगळा कागद दिला. वडिलांना न सांगता. म्हणाल्या, काका, बाबांच्या प्रश्नांना काय उत्तर मिळेल ते मिळो, माझ्या या एका प्रश्नाचं उत्तर तेवढं जसंच्या तसं आणा. त्यावर मी बाबांशी बोलेन.

भैयासाहेब : तिनं? मला प्रश्न विचारलाय?

अक्का : मुलगी लिहिते?

दत्ताजी : शाळेत जातात हो. लिहितात, आणि थोडक्यात लिहितात. घराण्यात पहिल्याच. ऐका. "जाड असण्याला माझी हरकत नाही. माझे बाबा काटकुळे आहेत आणि त्यांनी आम्हांला काही कमी छळलेलं नाही. मला इतकंच कळवावं : यांनी आपल्या भुकेनं खाल्लं, की नाही म्हणता येत नाही म्हणून खाल्लं? आजवर यांनी कुणाला एकदा तरी 'नको' म्हटलं आहे का? ज्याला लाडूला नको म्हणता येत नाही, तो उद्या माझ्यासाठी कुणाला नको म्हणणार?"

भैयासाहेब : एकदा तरी, म्हणते?

दत्ताजी : काय लिहू?

भैयासाहेब : थांबा ना, काका. आठवतोय.

दत्ताजी : सावकाश.

भैयासाहेब : एकदा एका भिकाऱ्याला म्हणणार होतो. पण त्यानंच मला भाकरी दिली.

दत्ताजी : हे लिहू नये असं वाटतं.

भैयासाहेब : नका लिहू. मला ती मुलगी पसंत आहे, काका. आत्ताच पसंत पडली. याआधी नुसतं लग्न ठरत होतं.

दत्ताजी : मग खरं सांगा. भूक लागते?

भैयासाहेब : भूक कशी असते तेच आता आठवत नाही. पोट रिकामं व्हायच्या आत कुणीतरी येतंच. बारा वर्षांचा असताना लागली होती, ती शेवटची.

अक्का : भैया, पुरे.

भैयासाहेब : सांग की, अक्का. नुसतं "आजारी पडला" म्हणून नको टाळूस. चौकशी आहे.

अक्का : काय सांगायचं त्यात? छप्पनचं साल होतं. सगळ्यांचंच तसं होतं.

दत्ताजी : संवत छप्पन? तो दुष्काळ?

अक्का : पाऊस आलाच नाही त्या साली. याचे वडील श्रावणात गेले. मग हा पडला. ओकाऱ्या, जुलाब. वैद्य म्हणाले, रोग उतरलाय, आता खायला घाला. काय घालू? हातातल्या पाटल्या देऊन गूळ आणला, आणि बोलून गेले देवीला. बोलताना वाटलं, बारा वर्षांचं पोर आहे, मणभर तरी गूळ लागेल, कसं होणार! पारड्यात बसवला. समोर दोन ढेपा ठेवल्या. पारडं खाडकन आपटलं. एक काढली. तरी हा वरच.

भैयासाहेब : मला मजा वाटली होती. झोपाळ्यासारखं.

अक्का : मग गुरुजींनी ढेप फोडली. तुकडा तुकडा काढत गेले. सतरा शेर. सतरा शेर, दत्ताजीराव! बारा वर्षांचा मुलगा. इतका गूळ उरला की मला तोंड दाखवायची लाज वाटली. उरलेलाही वाटून टाकला. फत्तेसिंगांची धाकटी, लल्ली, तेव्हा तान्ही होती. तिच्या आईला दूध नव्हतं. त्या गुळाच्या पाण्यावर जगली ती. आता दहाव्या वर्षीच लग्न होऊन मनावरला सासरी गेलीय.

दत्ताजी : म्हणून जिलेबी.

अक्का : म्हणून जिलेबी. गुळासाठी नाही देत हो कुणी. हा बोलतो काहीतरी. गूळ आता कुणाच्या घरात नाही? गेल्या साली पाच शेरांनी उतरला ना, तेव्हा ती म्हातारी रडली ती गुळासाठी नव्हे. तिनं याला सतरा शेरांचा पाहिलाय. काटा खाली जाताना पाहिला की आम्हां सगळ्यांना छप्पन दिसतं.

भैयासाहेब : म्हणून नको म्हणायची सोय नाही, काका. मी नको म्हटलं की यांचे चेहरे उतरतात. मी खाल्लं की दुष्काळ संपतो. दिवसातून आठ-दहा वेळा मी दुष्काळ संपवतो. दमलो आता.

दत्ताजी : माझ्या लेखणीला काय झालं कोण जाणे. शाई नीट उतरत नाही.

अक्का : लाडू घ्या एक, बरं वाटेल. भैया, तूही घे. सकाळपासून नुसता बोलतोयस.

भैयासाहेब : नको.

अक्का : काय?

भैयासाहेब : नको, अक्का. पोट भरलंय.

(मोरीपलीकडून फत्तेसिंगांचा आवाज : "क्या हुआ, भिया?")

भैयासाहेब : काही नाही, फत्तेसिंगजी! अन् उद्या जिलेबी भी नको! लल्ली के सासरे भेज देना!

दत्ताजी : लिहू?

भैयासाहेब : लिहा. दोनदा म्हणालो. एक थोरल्या पातीत, एक धाकटीत.

अक्का : भरलंय म्हणालास?

भैयासाहेब : भरलंय.

अक्का : खरंच?

भैयासाहेब : दहा वर्षं झाली भरून, अक्का.

अक्का : बरं. मग राहू दे. ठेवते झाकून. मग खा.

भैयासाहेब : अक्का.

अक्का : मग नाही खाल्लास तर दत्ताजीराव खातील.

दत्ताजी : मी? अहो मला आता... बरं, आणा. म्हणजे विनोदिनीताईंचं काम झालं. जसंच्या तसं सांगेन. आता राहिला रघुजीरावांचा कागद. तो वाचून दाखवल्याशिवाय मला धारेला परतता येत नाही, हुकूमच आहे. कुठं गेला? डबा इथंच आहे. डब्याखाली...

भैयासाहेब : उडाला?

दत्ताजी : डब्याखालून कसा उडेल? अक्कासाहेब, इथं एक कागद होता. सुरेख अक्षराचा.

अक्का : तो होय? तुमच्या वाटेसाठी लाडू बांधले त्यात. चांगला जाड कागद होता.

दत्ताजी : त्यात?

अक्का : वीस बांधलेत. इंदुरापर्यंत पुरतील. बघा, तूप कसं दोन्ही बाजूंनी छान उतरलंय.

दत्ताजी : एक अक्षर उरलं नाही.

अक्का : मला कुठं वाचता येतं? कागद कोरा की लिहिलेला, मला काय कळणार? तुम्हीच मघाशी म्हणालात, कागद नाहीच म्हणून.

भैयासाहेब : अक्का, लग्न झालं की तुझा नवस संपेल. पुन्हा तोलायचं नाही. चालेल तुला?

अक्का : परवा शेवटचं तोलू. नंतर ती तोलील तुला. तिला लिहिता येतं, लिहून ठेवील.

दत्ताजी : पण मी रघुजीरावांना सांगू काय? चौकशीला जबाबदार माणूस लागतो. आई नाही, गल्ली नाही, जिलेबी नाही. मुलगा तर आत्ताच सुटला. रिकाम्या हातानं गेलो तर ते नवा निकाल लिहितील, आणि या वेळी घाईघाईत, वाईट अक्षरात.

भैयासाहेब : आहे की जबाबदार. अक्कानं सांगितला तुम्हाला.

दत्ताजी : छप्पनचा दुष्काळ?

भैयासाहेब : त्याचीच जबानी घ्या. तो हजर होईपर्यंत चौकशी तहकूब. चौकशी तहकूब म्हणजे निकाल नाही. निकाल नाही म्हणजे मार्गशीर्षात लग्न.

दत्ताजी : घोडी?

भैयासाहेब : तिला परवाचा गूळ पाठवतो. तीही जरा भरेल.

दत्ताजी : कायद्यात बसतं की नाही माहीत नाही, पण कागदावर बसेल. अर्ज लिहितो. दोन्ही पात्यांना एकच, म्हणजे दोघंही म्हणतील की उत्तर दुसऱ्यानं द्यावं.

अक्का : अन् तो खरंच आला तर?

दत्ताजी : कोण?

अक्का : दुष्काळ. दारात आला तर मी काय उपाशी पाठवू त्याला? दोन घास घालीनच.

भैयासाहेब : ऐकलंत काका? हेही लिहा.

दत्ताजी : लिहितोय. "मेहेरबान उभय सरकारांच्या चरणी नम्र अर्ज ऐसाजे : भैयासाहेब यांच्या देहाचे कारणाबद्दल चौकशी केली असता संवत एकोणीसशे छप्पनचा दुष्काळ जबाबदार दिसतो. तरी त्यास समन्स काढून मौजे देवास येथे, मोरीच्या मध्यभागी, दोन्ही पात्यांसमक्ष हजर करावे. त्यास अक्कासाहेबांनी एकदाच वाढावे, दुसऱ्यांदा विचारू नये, आणि जेवण होताच त्याने निघून जावे व पुन्हा येऊ नये, असा उभय पात्यांनी एकविचाराने हुकूम करावा, ही विनंती."